हात ढिला सोड

कुलसूमआपानं माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मी चक्क किंचाळले होते. किल्लारीचा भूकंप नुकताच होऊन गेला होता. नांदेडहून औषधांची खोकी भरून आमचा ट्रक आला होता आणि त्या खोक्यांवर बसून मीही आले होते, नुकतीच बी.एस्सी. झालेली, पुस्तकं वाचून शहाणी झालेली. खाली उतरले. समोर गाव नव्हतंच. दगडमातीचे ढिगारे होते, त्यातून कुठं पाळण्याची दोरी, कुठं पितळी घागर, आणि वास. त्या वासाबद्दल मी आजही कुणाशी बोलत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट पकडलं, अंगठ्याच्या बुडाशी हाड चेपलं, आणि मी ओरडले.

"थंडगार पडलाय की हात," एक बाई म्हणाली. "घाबरलीस? ढिला सोड. हात ढिला सोडला की दुखत न्हाई."

उंच, हाडापेरानं मजबूत, चाळिशीच्या आसपासची बाई. डोक्यावर पदर, दातांना मिशरी, आणि दोन्ही हातांवर काचेचे जुने पांढरे ओरखडे. ती औशाची मन्यारीण होती. बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणं हा तिच्या सासरचा पिढीजात धंदा. कुणाचाही हात हातात घेऊन हाडं चेपायची, हा तिचा धंदा नव्हता, ती तिची बोलायची पद्धत होती. आपण 'कशी आहेस' विचारतो, ती हात चेपायची. माहेर देगलूरचं, त्यामुळे मराठी, दखनी आणि तेलुगू तिच्या तोंडात एकाच ताटात वाढलेल्या असत.

ती तिथं मदतीला म्हणून आलेली नव्हती. तिला बोलावून आणलं होतं. ढिगाऱ्यातून बाई काढली की चेहऱ्यावरून ओळख पटत नसे. मग कुणीतरी हाक मारी, "आपाला बोलवा." आपा यायची, उकिडवी बसायची, मेलेल्या बाईचा हात उचलून बांगड्या बघायची. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते आणि त्या सणाच्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. "ही हिरवी, सोनेरी टिकलीची, सुताराच्या थोरलीला भरली व्हती," ती म्हणायची. "तिला टिकलीच पाह्यजे व्हती. लई हट्टी." मग हात हळूच खाली ठेवायची आणि पुढच्या ढिगाऱ्याकडं जायची. रीत अशी, की बांगड्या भरून झाल्या की बाई मन्यारणीच्या पाया पडते. ज्या बायका दहा-पंधरा दिवसांपूर्वी तिच्या पाया पडल्या होत्या, त्यांना ती एकेक करून नावानं हाक मारत होती. मी औषधं वाटायला आले होते. मी एका खोक्यावर बसून नुसती बघत राहिले.

दुपारी एका ढिगाऱ्यातून फक्त कोपरापासूनचा हात दिसत होता. पोरांनी सवयीनं आपाला आणलं. तिनं हात धरला, आणि एकदम सगळ्यांवर खेकसली, "अरे हरामखोरांनो, बगत काय उभे राह्यलेत? उकरा! हिनं माझं बोट धरलंय!"

ती कलावती. विशीच्या आतली पोर, अंगावर नव्या संसाराची हळद अजून पुरती उतरली नसेल. सासू, सासरे, दीर, सगळे गेले. नवरा राखणीला शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला. कलावतीला बाहेर काढून पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, तिथं तिच्या जखमा शिवल्या, तोवर तिनं आपाचं बोट सोडलं नव्हतं.

ती पत्र्याची शेड नीट ध्यानात ठेवायला हवी. भूकंपात देशभरातून डॉक्टर आले, आणि फोटो काढून झाल्यावर बरेचसे परत गेले. त्या शेडमधला एक तरुण डॉक्टर मात्र गेला नाही. तो मातीत बसून टाके घालायचा, बायकांनी दिलेली भाकरी उभ्याउभ्या खायचा. कलावतीचा जीव त्यानं वाचवला, यात काही वाद नाही. पुढं त्यानं तालुक्याच्या गावी दवाखाना काढला. आपाच्या लेखी तो देवमाणूस होता, आणि माझ्याही.

भूकंपानंतर आपानं बांगड्यांची टोपली माळ्यावर टाकली. "आता नवा माल उचलवत न्हाई गं मॅडम," म्हणाली. (मी तेव्हा कुणाचीच मॅडम नव्हते. पण चष्मा असलेल्या प्रत्येक बाईला ती मॅडम म्हणायची.) टोपली गेली तरी पाय थांबेनात. मग ती बायकांची सोबत झाली. आमच्याकडे बाई दवाखान्यात एकटी जात नाही. नवरा कामावर, सासू गुडघे धरून बसलेली, आई परगावी. मग आपाला निरोप जायचा. ती घरात शिरली की आधी पाणी मागायची आणि ते प्यायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाणी मागितलं की सून आत जाती. मागं सासू राहती. मंग सासूला गुंडाळता येतं." सासूला गुंडाळून ती सुनेला यष्टीत बसवायची. स्वतः ड्रायव्हरच्या मागं बसून त्याला खड्डे दाखवत राहायची, जणू त्याला डोळेच नव्हते. आणि त्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहायची.

खिडकीतली पोरगी विचारायची, "पेशंटचं नाव?"

"कांताबाई पांडुरंग."

"सोबत कोण?"

"कुलसूमबी शेख."

"नातं?"

"आत्या."

पोरगी मान वर करून बघायची. "आत्या?"

"हाव. आत्या. काय अडचण हाय तुला?"

अख्ख्या तालुक्यातल्या मराठा, लिंगायत, मांग, वंजारी, सगळ्या सुनांची ती आत्या होती. आम्ही या किश्श्यावर पोट धरधरून हसायचो. जातीधर्माच्या नावानं गळे काढणाऱ्यांना ऐकवायला तो फार सोयीचा होता. त्या 'आत्या'नंतर काय होतं हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मधल्या काळात मी एम.एस्सी. केलं आणि लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. लातूर तेव्हा नुसतं फुगत होतं. गल्लीगल्लीत क्लास, जिकडंतिकडं होस्टेल आणि मेस, चौकाचौकात मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे माणसाहून मोठे फोटो. शिरूर अनंतपाळपासून पार विदर्भापर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला आमच्याकडे येत. मी दिवसभर हृदय, मूत्रपिंड, गर्भाशय फळ्यावर काढायची आणि पुसायची. आपा लातूरला आली की माझ्या खोलीवर उतरायची, चहा बशीत ओतून आधी मला द्यायची, आणि माझा हात चेपून म्हणायची, "खडूनं हाडं झिजली तुझी."

याच काळात, भूकंपात औषधं घेऊन गेलेलं आमचं नांदेडचं लहानसं मंडळ एका मोठ्या जाळ्याला जोडलं गेलं. देशभरातल्या आरोग्याचं काम करणाऱ्या संघटनांचं ते जाळं. औषध, दवाखाना, उपचार हे उपकार नसून माणसाचा हक्क आहे, असं म्हणणारी माणसं त्यात होती. भूकंपात आले ती मी पुन्हा त्या कामातून बाहेर पडलेच नव्हते, त्यामुळे मीही त्यात. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते सगळं ठराव करण्याचं आणि टाळ्या वाजवण्याचं काम वाटायचं. हैदराबादेत सगळ्या राज्यांची बैठक ठरली तेव्हा गावातलं माणूस हवं म्हणून आम्ही आपाला नेलं. नांदेड स्टेशनवर ती नवी साडी नेसून, डोळ्यांत सुरमा घालून आली होती.

बैठकीत प्रत्येकजण आपापल्या भागातली दुखणी सांगत होता. आपाची पाळी आली. तिनं माइक बांगडीसारखा फिरवून पाहिला आणि दखनीत अगदी अभिमानानं बोलायला लागली. तिच्या बोलण्याचा अर्थ असा, की तुम्ही सगळे रडगाणं गाताय, पण आमच्याकडे बायकांचं दुखणं मुळातून संपवलं. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरतेय, असं कुणी म्हटलं की मी तिला आमच्या डॉक्टरकडे नेते. डॉक्टर गर्भाची पिशवी काढून टाकतो. पिशवी ठेवली तर कॅन्सर होतो ना. मी स्वतः सोबत जाते, स्वतः सही करते. आमच्या गावांत आता कॅन्सरचं भय राहिलं नाही.

ती टाळ्यांची वाट बघत थांबली.

मग मागच्या रांगेतून एक काटकुळी तेलुगू बाई उठली. लक्ष्मम्मा तिचं नाव. तिनं तेलुगूत एवढंच विचारलं, की त्या बायकांची वयं काय होती. आपा तेलुगूतच म्हणाली, बावीस, चोवीस, कुणी तीस. लक्ष्मम्मानं आपल्या साडीचा पदर बाजूला करून पोटावरचा व्रण सगळ्यांसमोर दाखवला. तीही पंचविशीतच होती तेव्हा. आता तिला बादली उचलत नाही, रात्रभर अंगाची आग होते, हाडं म्हातारीची झाली आहेत. तिच्याकडेही डॉक्टर कॅन्सरच म्हणाला होता. ती बसली तर राजस्थानची एक उठली. मग छत्तीसगडची. वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे डॉक्टर, पण शब्द तेच. एका गावात घडतं तेव्हा त्याला आपण नशीब म्हणतो. इथं तीन राज्यांतल्या तीन बायका एकमेकींची कहाणी पाठ असल्यासारखी सांगत होत्या. हे जाळं कशासाठी आहे, ते मला त्या दुपारी कळलं.

व्यासपीठावर एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की बहुतेक बायकांचं ते दुखणं औषधानं बरं होण्यासारखं असतं. पिशवी, आणि तिच्याबरोबर बीजकोश, तरुण वयात काढले की बाई अवेळी म्हातारी होते.

"औषधानं?" आपानं विचारलं.

"बहुतेकींचं, हो."

"गोळ्यांनी? गोळ्यांनी जातं?"

"हो, आपा."

"गोळ्यांनी," आपा म्हणाली, आणि माइक तसाच हातात धरून खाली बसली. तो तिच्या हातातून काढून घ्यावा लागला.

परतीच्या गाडीत ती उजव्या हातानं स्वतःचंच डावं मनगट धरून बसली होती. नांदेडला उतरल्यावर रिक्षावाले आमच्याभोवती गलका करत होते, त्यात ती मला म्हणाली, "मॅडम, हाव तर मी म्हणलं."

"काय?"

"डॉक्टर इचारायचा, काढायची ना? बाई माझ्या तोंडाकडं बगायची. हाव मी म्हणायची. कलावतीच्या टायमालाबी मीच म्हणलं."

मला वाटलं, आता ही बाई खाट धरणार. तिनं खाट धरली नाही. आठवड्याच्या आत ती गावोगाव फिरायला लागली, ज्या घरांत पाणी मागून सासवांना गुंडाळलं होतं त्याच घरांत. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची. कलावतीच्या गावी गेलो तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. भूकंपानंतर वसवलेलं गाव, एकासारखी एक घरं. शाळेच्या पटांगणात बायका जमल्या होत्या. आपा म्हणाली, "जिची जिची पिशवी काढली तिनं हात वर करा."

हात वर गेले. आधी पुढच्या रांगेतले, मग मागचे, मग भिंतीला टेकून बसलेल्यांचे. कोणी हसत होत्या, कोणी शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या. वर गेलेल्या हातांत पोरसवदा हातच जास्त होते. एक नवी सून तेवढी हात खाली ठेवून बसली होती. मी तिच्याकडे जरा आशेनं पाहिलं. ती लाजून म्हणाली, "माझी बाकी हाय अजून. सासू म्हणती सुगी झाल्यावर काढू."

बाकी हाय! जावळ काढायचं राहिलंय, कान टोचायचे राहिलेत, तसं.

आपानं मग सगळं सांगितलं. हैदराबादेत काय ऐकलं, गोळ्यांनी काय जातं, काय काढायला नको होतं. आडपडदा ठेवला नाही. बायकांचं हसू विरलं. कुणी विचारलं, "आता परत बसवता येती का, आपा?" कलावती दुसऱ्या रांगेत होती. तिशीची बाई, पण केस पांढरे, बोटांची पेरं सुजलेली. ती उठली, पदर झटकला आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेली. आपा तिच्या मागोमाग गेली. दार आतून लागलं. आपा ओट्यावर बसून राहिली, शेवटची यष्टी यायची वेळ झाली तेव्हा मी तिला उठवलं. त्यानंतर ती त्या गावात जेव्हा जाई तेव्हा आधी त्या ओट्यावर जाऊन बसे. दार उघडलं नाही की पुढच्या घरी जाई. कलावतीनं एकदा तरी आपल्याशी बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील, एवढंच तिला हवं होतं.

आणि एकदा तिनं माझ्या क्लासमध्ये येण्याचा हट्ट धरला. हॉल खचाखच भरलेला, पुढं मुली, मागं मुलं. आपा फळ्यासमोर उभी राहिली. "तुमी समद्या डॉक्टर होणार?"

"हो!" अख्खा हॉल गरजला.

"मंग सांगा बरं, बाईची पिशवी कशासाठी असती?"

पहिल्या रांगेतली आमची हुशार मुलगी ताडकन उठली आणि गर्भाशयाचं कार्य, थर, संप्रेरकं, सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली. आपा तोंडाकडे बघत राहिली. "आन पोरंसोरं झाल्यावर?"

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे पोर्शनमध्ये नाही ना?"

नव्हतंच. मी शिकवलंच नव्हतं. क्लासचे मालक दारात येऊन घड्याळ दाखवत होते, पोर्शन मागं पडतोय म्हणून. आपा बाहेर पडताना म्हणाली, "मॅडम, आपल्या डॉक्टरलाबी असंच कुणीतरी शिकवलं असंल." मला ते आजही बोचतं.

पुढं जाळ्यानं लातुरात जनसुनवाई ठेवली. निवृत्त न्यायाधीश, परराज्यांतून आलेले डॉक्टर, वार्ताहर, आणि समोर बोलायला गावातल्या बायका. तयारीच्या बैठकीत आमच्या मंडळींनी ठरवलं, की कलावतीला बोलवायचं नाही. ती आपाचं नाव घेईल, आणि डॉक्टरच्या बाजूच्या लोकांना आयतंच कोलीत मिळेल. आपाला खाली बसवा, काम वाचवा, असा साधा हिशेब. आपा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंग तुमच्यात अन् डॉक्टरमधी फरक काय? तुमीबी तिला न इचारताच ठरवून राहिलेत." आणि तिनं सरपंचाच्या बायकोकरवी कलावतीला निरोप धाडला, की ये, माझ्या नावासकट सांग.

कलावती आली. माइकपुढं उभी राहिली. तिचा आवाज अजिबात कापला नाही.

"पांढरं जायचं म्हणून मी गेले व्हते," ती म्हणाली. "आपा संगं व्हती. डॉक्टरनं मला काय इचारलं न्हाई, आपाला इचारलं. मला भ्या वाटत व्हतं, मी हात आवळून धरला व्हता. आपा म्हणली, हात ढिला सोड, दुखत न्हाई. मी सोडला. दगडाखालून तिनं काढलं व्हतं मला, म्हणून सोडला. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर सोडला नसता."

न्यायाधीशांनी आपाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. आपा उभी राहिली. "ती खरं बोलून राहिली. मी आत्या म्हणून सही केली, सायेब. आत्या व्हते तर आधी तिला इचारायला पाह्यजे व्हतं. डॉक्टरनं मला न्हाई, तिला इचारायला पाह्यजे व्हतं. आन तिनं नक्को म्हणलं असतं तर दार उघडं पाह्यजे व्हतं." एवढं बोलून ती कलावतीकडे गेली आणि सवयीनं तिचा हात हातात घेतला. कलावतीनं तो काढून घेतला. सगळ्यांसमोर, सावकाश, पण काढून घेतला. मी लग्नं मोडताना पाहिली आहेत, भाऊ भावांवर धावताना पाहिलेत. तो हात मागे जाताना पाहिला तेवढी मी कधीच हादरले नाही.

त्या सुनवाईनं काय झालं? चौकशी बसली आणि बसूनच राहिली. दवाखान्याच्या पाटीला नवा रंग लागला. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. पण दुसरीकडे एक झालं. लक्ष्मम्माच्या राज्यात अशीच सुनवाई झाली, मग राजस्थानात, मग आणखी कुठं कुठं. आपाचं ते बोलणं, की बाईला तिच्या भाषेत सांगा, तिलाच विचारा आणि नक्को म्हणायला दार उघडं ठेवा, ते जाळ्याच्या मागणीत पहिलं कलम म्हणून गेलं. तिथून परदेशातल्या संमेलनांत गेलं. एकदा आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून एक दांडगी, हसरी नर्स औशाला आपाच्या घरी आली. तिच्याकडे बाळंतपणाच्या टेबलावरच न विचारता बायकांचं मूल होणं बंद करत होते. मी मधे बसून भाषांतर करत होते. दोघी जरा वेळानं माझ्याशिवायच बोलायला लागल्या, हात चेपून. ती गेल्यावर आपा मला म्हणाली, "माझं बोलणं साता समुंदरापार गेलं. हितं कलावतीच्या ओट्यावरनं आत जाईना."

पुढं बरीच वर्षं गेली. लातुरातले फोटो आणखी मोठे झाले, आपा म्हातारी झाली. साखरेनं तिला आतून पोखरलं होतं. एक दिवस तिच्या पुतण्याचा फोन आला, की देगलूरला माहेरी गेलेल्या आपाला नांदेडला दवाखान्यात ठेवलंय, पण त्याला लगेच निघता येत नव्हतं. मी निघाले. निघताना कलावतीच्या गावी फोन करून निरोप ठेवला. ती येईल असं काही वाटलं नव्हतं, ठेवायचा म्हणून ठेवला.

आपाच्या पायाला जखम झाली होती, पाऊल काळं पडलं होतं. तपासणारा तरुण डॉक्टर मला बघून वाकून पाया पडला. "मॅडम, मी तुमच्या बॅचचा." मला बरं वाटलं. त्यानं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आजच. पेशंटला आत्ता सांगू नका, घाबरेल, बीपी वाढेल. तुम्ही सही करून द्या." आणि कागदावर पेन ठेवून त्यानं माझ्यापुढं धरला. चांगला मुलगा होता. मीच शिकवलेला. इतकी वर्षं, इतक्या सुनवाया, सात समुद्र, आणि माझाच विद्यार्थी माझ्याचपुढं तोच कागद धरून उभा.

"तिला काय झालंय?" मागून कुणीतरी विचारलं.

कलावती होती. हातात पिशवी, पायांवर यष्टीची धूळ, केस पांढरेफटक. नर्सनं तिला अडवलं. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

कलावती क्षणभर थांबली. "आत्या हाय ती माझी."

डॉक्टर घाईत होता. त्यानं तिलाही दोन वाक्यांत तेच सांगितलं आणि कागद तिच्याकडे वळवला. "मग तुम्ही करा सही. अंगठा चालेल."

कलावतीनं पेनाकडे पाहिलं नाही. "मी न्हाई करणार," ती म्हणाली. "माझ्या येळेला तिनं माझ्यासाठी हाव म्हणलं व्हतं. तिला इचारा. जागी हाय ती, हितनं दिसती."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "विचार तिला," मी म्हणाले. कागद घेऊन तो आत गेला. मग स्टूल ओढून आपाच्या खाटेजवळ बसला आणि सांगायला लागला. आधी इंग्रजी शब्द आले, ते तिनं हातानं अडवले. मग तो त्याच्या घरच्या बोलीत सांगायला लागला. मुरुडकडचा होता. विष वर चढतंय, पाय न्हाई काढला तर जिवाला धोका हाय, काढला तरी वय झालंय.

"नक्को म्हणलं तर?" आपानं विचारलं.

"तर न्हाई काढणार, आजी. औषध देत राहू. पण मला वाटतं काढावा."

आपानं डोळे मिटले. मी समजले, ती झोपली. ती झोपली नव्हती. "नक्को म्हणता येतंय," ती म्हणाली. "बरं झालं. काढ मंग." तिनं कागद मागितला आणि स्वतःची सही स्वतः केली. नात्याची जागा तिनं मोकळीच ठेवली.

नेताना मी स्ट्रेचरच्या एका बाजूला होते, कलावती दुसऱ्या. आपानं तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलेल अशी वाट मी बघत होते. माफी वगैरे. तिनं हात पुढं करून कलावतीचं मनगट पकडलं आणि अंगठ्याच्या बुडाशी हाड चेपून पाहिलं.

"लई वाळलीस गं," म्हणाली. "तुझ्या मापाच्या बांगड्या आता मिळायच्या न्हाईत."

पाय काढला, पण आपा त्यातून उठली नाही. शुद्धीवर अशी ती पुन्हा आलीच नाही, त्यामुळे माझ्याकडे तिचं शेवटचं उरलंय ते एवढंच. ऑपरेशनच्या खोलीचं दार, उघडं ठेवून थांबलेला वॉर्डबॉय, आणि स्ट्रेचरबरोबर जमेल तितकं आत चालत जाणारी कलावती. तिनं हात काढून घेतला नव्हता.